अकराची गोळी

सोमवारी अकराला पाच कमी असताना विद्याश्रीनं गोळी आणि पाण्याचा तांब्या सासूपुढं धरला. बसव्वाचे दोन्ही हात जोंधळ्याच्या पिठात होते, म्हणून तिनं नुसतं तोंड उघडलं. गोळी जिभेवर ठेवायची, वरनं पाणी ओतायचं आणि खरंच गिळली का ते बघायचं, हे काम गेल्या तीन आठवड्यांपासून सुनेच्या गळ्यात पडलं होतं.

"गिळली, गिळली," बसव्वा म्हणाली. "जीभ काढून दावू का आता?"

"तसं न्हाय अत्ती. समोर उभी ऱ्हा म्हणून ह्यांनीच सांगितलंय."

"त्यो सांगतोय आणि तू ऐकतीयास. चालू द्या."

विद्याश्रीचं माहेर संकेश्वरकडचं, कानडी मुलखातलं, त्यामुळं सासूला ती अत्ती म्हणायची. सासूलाही ते आवडायचं. बाकी आवडण्यासारखं दोघींमध्ये अलीकडं फार राहिलं नव्हतं.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'जेवणाआधी अर्धा तास' असं लिहिलेलं होतं. खानावळीत पहिलं ताट साडेअकराला पडायचं. तवा एकदा तापला की बसव्वाचे हात पिठातनं सुटायचे ते साडेतीनला, शेवटचं गिऱ्हाईक चूळ भरून गेल्यावर. मधे गोळीची आठवण कुणाला राहणार? म्हणून अकरा ही वेळ ठरली. आणि शेवटचं गिऱ्हाईक उठेपर्यंत घरातल्या बाईनं घास तोंडात घालायचा नाही, हा तर थोरल्या अव्वाचा, म्हणजे बसव्वाच्या नवऱ्याच्या, रुद्राप्पांच्या आईचा दंडक. थोरल्या अव्वाला जाऊन बावीस वर्षं झाली होती. खानावळीवर आता पत्र्याऐवजी स्लॅब आला होता, चुलीच्या जागी गॅस आला होता, भिंतीवर फोन आला होता. दंडक होता तिथंच होता. पुरुषांना तो लागू नव्हता, हे वेगळं सांगायला नको. रुद्राप्पा एकच्या ठोक्याला गल्ल्यावरच ताट मागवायचे.

बसव्वाला साखर निघाली ती गेल्याच्या गेल्या दिवाळीत. आधी अर्धी गोळी होती, मग एक झाली, मग दोन. दर महिन्याला रक्त तपासायचं, दर महिन्याला साखर वर आणि दर महिन्याला डॉक्टरांचं बोलणं ऐकून मान खाली घालून यायचं. तीन आठवड्यांपूर्वीची खेप तर विद्याश्री जन्मात विसरणार नव्हती. बाहेर चाळीस माणसं ताटकळत बसलेली. आत डॉक्टरांनी कागदावरनं नजर न उचलताच विचारलं, "मावशी, गोड चालू आहे ना?"

"न्हाय हो. पण डॉक्टर, दुपारी अंग थरथर कापतंय बघा. डोळ्यापुढं अंधारी येतीया, घाम सुटतोय. ही गोळी मला सोसंना झालीया का काय?"

"साखर वाढली की असंच होतं. आणि वाढणारच, तुम्ही चोरून खाताय. रिपोर्ट काय माझ्या मनानं लिहून येतो?" डॉक्टर विद्याश्रीच्या नवऱ्याकडं, श्रीशैलकडं वळले. "तुमची आई खोटं बोलते. जरा लक्ष ठेवा. गोळी वाढवून देतो."

जेमतेम दोन मिनिटांचं काम झालं होतं. श्रीशैलचे कान लाल झाले होते. चारचौघांत आईला खोटारडी म्हटलेलं त्याला झोंबलं, पण राग काढायचा तो डॉक्टरवर कसा काढणार? घरी आल्यावर त्यानं कोठी उचकली. डाळीच्या पोत्यामागं भडंगाची पुडी सापडली, फडताळात पदराच्या चिंधीत बांधलेला गुळाचा खडा. बसव्वानं सगळं कबूल केलं. दुपारी हात कापायला लागला की मूठभर भडंग आणि एवढासा गूळ तोंडात टाकते, मग जरा बरं वाटतं, असं ती म्हणाली. तेवढ्यापुरता तिचा दंडक मोडत होता, आणि त्याची तिला गुळापेक्षा जास्त लाज वाटत होती.

श्रीशैलनं त्याच दिवशी कोठीला कुलूप घातलं आणि किल्ली बायकोच्या हातात दिली.

"तिला आता एक कण मिळता कामा नये. मिळाला तर तुला विचारीन."

त्यानंतर चार-आठ दिवसांनी विद्याश्रीनं मोरीच्या आडोशानं ऐकलेलं बोलणं मात्र फक्त तिलाच ठाऊक होतं. बसव्वा नवऱ्याला विचारत होती, "बाराच्या सुमाराला मी अर्धी भाकरी खाऊ का? हितंच, मागल्या बाजूला बसून. कुणाला दिसायचं न्हाय."

"आणि कुणी बघितलं तर?" रुद्राप्पा म्हणाले होते. "भाईर गिऱ्हाईक ताटाची वाट बघतंय आणि मालकीण आत चघळत बसलीया, असं झालं तर नाव राहील का खानावळीचं? अव्वानं जन्म काढला की. तुला तीन तास निघंनात व्हय?"

नवऱ्यापुढं दुसऱ्यांदा बोलायची तिला सवयच नव्हती.

तर त्या सोमवारी गर्दी दांडगी होती. हातकणंगल्याकडचे, वारणेकडचे, कोर्टाच्या कामाला आलेले लोक बाकांवर दाटीवाटीनं बसले होते. वांग्याची भाजी दुसऱ्यांदा फोडणीला टाकावी लागली. साडेबाराच्या सुमाराला बसव्वाची भाकरी तव्यावर टाकता टाकता मधनं फाटली. विद्याश्रीनं चमकून बघितलं. सासूची भाकरी फाटलेली तिनं सहा वर्षांत पाहिली नव्हती.

"विद्या, गुळाचा खडा दे गं. एवढासाच."

"न्हाय अत्ती."

"हात थांबंना झालाय बघ."

"परवा रक्त तपासायचंय. पुन्हा वाढली तर बोलणी तुमी खाणार न्हाय, मी खाणार हाय."

बसव्वाच्या कपाळावरनं घाम पिठात ठिबकत होता. विद्याश्रीला तिची दया आली, पण रागही आला. म्हाताऱ्या माणसानं लहान मुलासारखं हट्टाला पेटावं, आणि शब्द मात्र सुनेनं झेलावेत, हा कुठला न्याय? तिनं मीठ घालून ताकाचा पेला पुढं सरकवला. बसव्वानं दोन घोट घेतले आणि पुन्हा परातीत हात घातला. कमरेची किल्ली विद्याश्रीनं उगीचच एकदा चाचपून बघितली.

सव्वा एकला बसव्वा उठून उभी राहिली. "अव्वा, ताटं किती हायत?" असं तिनं कोपऱ्याकडं बघत मोठ्यानं विचारलं. कोपऱ्यात कोणी नव्हतं. विद्याश्री 'अत्ती' म्हणेपर्यंत ती कोसळली. उजवा हात तापल्या तव्यावर पडला. भांडी घासणारी धोंडुबाई राखेच्या हातांनी धावली आणि तिनं बसव्वाला ओढून बाजूला घेतलं. जळल्याचा वास बाहेरच्या बाकांपर्यंत गेला असणार, कारण बाहेरचं बोलणं एकदम थांबलं.

विद्याश्रीला काय सुचलं कोण जाणे. कुलूप काढून तिनं मूठभर साखर पेल्यात टाकली, पाणी ओतलं, बोटानं ढवळलं आणि सासूचं डोकं मांडीवर घेतलं. तेवढ्यात नणंद आत आली. शिवलीला इचलकरंजीहून चार दिवसांसाठी माहेरी आली होती आणि त्या वेळी आतल्या खोलीत आडवी झाली होती.

"काय पाजतीयास?"

"साखरेचं पाणी. तोंडाला कोरड पडली असंल..."

"साखर? अगं साखरेची पेशंट हाय ती! मारतीस का काय अव्वाला?" शिवलीलानं पेला हातानं उडवला. पाणी फरशीभर झालं. संध्याकाळी तिथं मुंग्यांची रांग लागली.

श्रीशैलनं डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. कंपाउंडर म्हणाला, डॉक्टर जेवायला गेलेत, पाचला येतील. "बेशुद्ध हाय हो ती," श्रीशैल ओरडला. "मग साखरच वाढली असणार," कंपाउंडर म्हणाला. "गोड काही देऊ नका. पडू द्यात. पाचला पहिला नंबर लावतो." डॉक्टरांचं जेवण आणि वामकुक्षी मात्र रोजच्या रोज वेळेवर होत असे. त्याबाबतीत त्यांच्या तब्येतीला नाव ठेवायला जागा नव्हती.

"आता न्यायचं का मोठ्या दवाखान्यात?" श्रीशैलनं बापाला विचारलं.

रुद्राप्पांनी बाहेर नजर टाकली. बावीस ताटं मांडलेली होती. "उन्हाचा तडाखा असंल. पडू दे जरा. बसलेली माणसं उठू द्यात, मग बघू. अर्ध्या ताटावरनं माणूस उठवायचा न्हाय."

आतल्या खोलीत बसव्वाच्या भाजलेल्या हाताला शिवलीला टूथपेस्ट लावत बसली, आणि विद्याश्री तव्यापुढं. त्याच तव्यावर तिनं पुढचे दोन तास भाकऱ्या थापल्या. दर पाच मिनिटांनी ती विचारायची, "अक्का, उठल्या का?" आणि आतनं उत्तर यायचं, "झोपलीया. घोरतीया." घोरतेय म्हटल्यावर सगळ्यांना जरा बरंच वाटत होतं.

साडेतीनला बसव्वाला आकडी आली. रोज जेवायला येणारा रिक्षावाला कृष्णात शेवटचा भात कालवत होता. तो उष्ट्या हातानंच उठला आणि त्यानं तिला उचलून रिक्षात घातलं.

मोठ्या दवाखान्यात पोरगेलीशी डॉक्टरीण ड्यूटीवर होती. तिनं आधी बसव्वाच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला आणि आकडा बघून नर्सला हाक मारली. "अठ्ठावीस!"

"म्हंजे दोनशे अठ्ठावीस?" श्रीशैलनं विचारलं.

"नुसते अठ्ठावीस. साखर वाढलेली नाही, संपलीय. किती वेळ झाला बेशुद्ध होऊन?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. सव्वा एक म्हणजे किती वेळ, हा हिशेब अवघड नव्हता, पण मोठ्यानं करायला कोणी तयार होईना.

शिरेतनं साखर चढली. बसव्वानं तासाभरानं डोळे उघडले, सगळ्यांवरनं फिरवले आणि मिटले. मग डॉक्टरीणबाई बाहेर व्हरांड्यात आल्या. हातात जुन्या चिठ्ठ्यांची पिशवी होती.

"या गोळ्या एवढ्या कशा वाढत गेल्या?"

"त्या डॉक्टरनं वाढवल्या," श्रीशैल म्हणाला. त्याच्या मुठी वळल्या होत्या. "आता जातोय आणि त्याच्या दवाखान्याच्या काचा ठेवत न्हाय बघा एक."

"काचा नंतर फोडा. मला आधी एक सांगा. या जेवतात किती वाजता?"

"एकला," श्रीशैल म्हणाला. मग थांबला. "आमच्याबरोबर न्हाय बसत. दोनला असंल."

"सकाळी खाती की काय तरी," शिवलीला म्हणाली. "खाती न्हवं गं, विद्या?"

डॉक्टरीणबाईंनी रुद्राप्पांकडं बघितलं. अडतीस वर्षांच्या संसारात बायको जेवते कधी, हे त्या माणसाला ठाऊक होतं. ठाऊक असूनच तो फरशीकडं बघत होता.

"सकाळी एक कप बिनसाखरेचा चहा," विद्याश्री म्हणाली. "मग साडेतीनला जेवतात. गर्दी असली तर चारला."

"आणि गोळी?"

"अकराला."

"कोण देतं?"

"मी."

डॉक्टरीणबाईंनी बोटांवर तास मोजले. "साडेचार तास. रोज. मधे काही खात होत्या का? गोड वगैरे?"

"खात हुत्या. चोरून. गूळ, भडंग. तीन आठवडे झाले, आमी बंद केलं."

"त्या चोरून खात होत्या म्हणून आजवर निभावलं," त्या म्हणाल्या, आणि नर्सनं हाक मारल्यामुळं आत गेल्या.

आपण सासूच्या तोंडात घातलं काय आणि तोंडचं काढलं काय, हे विद्याश्रीला आता कळलं होतं, आणि ते कळणं असह्य होतं. भिंतीला टेकून ती खाली बसली. पण तिला रडायलाही सवड मिळाली नाही.

"किल्ली तुझ्याजवळ हुती," शिवलीला म्हणाली. "तव्यापुढं तू बसत हुतीस शेजारी. ती उपाशी हाय ते तुला दिसत हुतं. आमास्नी कोण सांगणार?"

"अक्का, किल्ली मला ह्यांनी दिली."

"मी गूळ बंद कर म्हटलं हुतं," श्रीशैल म्हणाला. "उपाशी मार म्हटलं न्हवतं."

आत्ता घटकेपूर्वी ज्याच्या काचा फुटणार होत्या तो डॉक्टर सुटला. बहीण-भावाचं जमिनीच्या भांडणापायी दोन वर्षं बोलणं नव्हतं. ते दोघं त्या व्हरांड्यात एका बाजूला उभे राहिले. विद्याश्रीनं सासऱ्याकडं बघितलं. एवढंच म्हणा, मामा, असं ती मनात म्हणत होती. 'तिनं मला विचारलं होतं, मी नको म्हटलं', एवढे चार शब्द. तिला काही सुटका नको होती. या ओझ्याला दुसरा खांदा हवा होता.

"मामा, अत्तींनी तुमास्नी विचारलं हुतं. अर्ध्या भाकरीचं."

रुद्राप्पांनी कपाळावरच्या विभूतीला हात लावला. "चुलीपुढच्या बायकांच्या गोष्टी मला काय ठाऊक," ते म्हणाले. "आता भांडून काय हुणार हाय? डॉक्टर सांगतील तसं करू."

एवढा राग तिला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. सहा वर्षं ज्यांच्या पाया पडून दिवस सुरू केला त्या माणसाच्या तोंडाकडं पुढं कितीतरी दिवस तिला बघवलं नाही.

श्रीशैल त्या जुन्या डॉक्टरकडं गेला, पण सहाव्या दिवशी, आणि काचा न फोडता. डॉक्टरांनी त्याच्यापुढं चिठ्ठी सरकवली. "वाचा. जेवणाआधी अर्धा तास. मराठीत लिहिलंय. माझी चूक दाखवा." श्रीशैलनं ती ओळ दोनदा वाचली. "तुमी तिला एकदा तरी विचारलं का, कधी जेवतीस म्हणून?" त्यानं विचारलं. "तुम्ही विचारलं होतं का?" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. त्या दिवशी श्रीशैल घरी येऊन कुणाशीही न बोलता झोपून राहिला. विद्याश्रीशी तो धड बोलायला लागला त्यालाही त्यानंतर आठवडा गेला.

बसव्वा सतराव्या दिवशी घरी आली. चालत होती, अंघोळ करत होती, हात बरा होत होता. पण डोक्यातनं माणसं गेली होती. शिवलीलाला ती 'बाई' म्हणायची. श्रीशैल पाया पडला तर संकोचून पाय मागं घ्यायची. थोडं परत येईल, सगळं येईलच असं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आतल्या खोलीत तिचा जीव घाबरायचा, कोण कुठली ही माणसं म्हणून दाराशी जाऊन उभी राहायची. शेवटी विद्याश्रीनं तिला बाहेर बाकावर, उजेडात आणून बसवायला सुरुवात केली. रुद्राप्पांना ते पसंत नव्हतं. विद्याश्रीनं त्यांना विचारलंच नव्हतं.

आणि अकराला तिनं सासूपुढं ताट मांडलं. दोन भाकऱ्या, वांगं, शेंगदाण्याची चटणी, वाटीत घट्ट दही. खानावळीतलं त्या दिवसाचं पहिलं ताट. पुढच्या बाकावर लवकर आलेली दोन गिऱ्हाइकं वाट बघत होती. गोळी आता नव्हतीच, नुसतं वेळेवर जेवण होतं.

बसव्वानं कुणाकडं बघितलं नाही. सगळे जेवले का, आत किती राहिलंय, असलं काही विचारलं नाही. भाकरीचा तुकडा मोडला आणि खायला लागली. आवडीनं, सावकाश, बोटं चाटत. अर्धी भाकरी संपल्यावर म्हणाली, "चटणी वाढा की जरा." विद्याश्रीनं वाढली. थोरल्या अव्वाचा दंडक या बाईच्या डोक्यातनं पुसून गेला होता, आणि तो जाताना नवरा, मुलं, घर सगळं घेऊन गेला होता. गिऱ्हाइकांना हे ठाऊक होतं. ती दोघं खाली मान घालून बसली.

गल्ल्यावरचे रुद्राप्पा बराच वेळ बघत राहिले. मग उठले. पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या बाकापाशी आले आणि पेला भरून ठेवला.

"बसव्वा," ते म्हणाले. दारातली विद्याश्री आणि मागचा श्रीशैल, दोघांनाही ऐकू येईल असं ते पुन्हा म्हणाले, "बसव्वा, तू मला विचारलं हुतंस. अर्धी भाकरी खाऊ का म्हणून. मीच नको म्हटलं. तुझी सून खरं बोलत हुती."

बसव्वा घास चावता चावता त्यांच्याकडं बघत राहिली. म्हाताऱ्या, रडवेल्या, अनोळखी माणसाकडं बघावं तशी. मग तिला त्यांची कणव आली असावी. ती बाकावर जराशी सरकली आणि बसायला जागा केली.

"मला काय आठवत न्हाय बघा, पावणं," ती म्हणाली. "उभं कशाला? बसा की. भाकरी गरम हाय तवर खावा."